रेटिनॉइक ॲसिड घातलं आणि आयजीजी खाली आलं, मग व्हिटॅमिन ए अँटिबॉडी वाढवतं की नाही?

प्रश्न थोडक्यात सांगते. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी आहे, तिने उंदराच्या स्प्लीनमधून (प्लीहेतून) बी सेल्स, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, काढल्या, त्यांना चेतवायला एलपीएस (बॅक्टेरियाच्या भिंतीतला पदार्थ) दिलं, प्लेटच्या काही वेल्समध्ये (खळग्यांत) १ मायक्रोमोलर रेटिनॉइक ॲसिड (व्हिटॅमिन ए पासून शरीर बनवतं ते) घातलं आणि पाचव्या दिवशी एलायझा (अँटिबॉडी मोजायची टेस्ट) केली. पुस्तकात वाचलेलं की व्हिटॅमिन ए मुळे अँटिबॉडी वाढतात, आणि हिच्या प्लेटमध्ये आयजीएम खाली, आयजीजी पण खाली (हे अँटिबॉडीचे प्रकार). फक्त ज्या वेल्समध्ये सोबत टीजीएफ-बीटा आणि आयएल-५ (सायटोकाइन्स, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रोटीन्स) होतं तिथे आयजीए, म्हणजे आणखी एक प्रकार, वर गेलंय. गाइड म्हणतात काहीतरी चुकलंय, परत कर. आणि जाता जाता दुसरा प्रश्न असा की तिच्या भाच्याची नऊ महिन्यांची लस जवळ आलीय, तर अँटिबॉडी चांगल्या तयार व्हाव्यात म्हणून तिची आई म्हणते आधीपासून व्हिटॅमिन ए सुरू करू, करू का?

तुला ‘तू’च म्हणते हं, माझ्याकडे तुझ्याच वयाची पोरं रोज डोकं खायला असतात. वीस-बावीस वर्षं बी सेल्सच वाढवतेय, त्यामुळे तुझं वर्णन वाचून मला हसूच आलं, कारण हेच रिझल्ट घेऊन मी पण एकदा रडवेली होऊन सरांसमोर उभी होते. तुझं बहुतेक काही चुकलेलं नाहीये. प्रश्नच जरा वेगळा विचारायला हवा.

आधी हे बघ की आपण व्हिटॅमिन ए म्हणतो ती एक वस्तू नाहीच. लिव्हरमध्ये साठवलेलं असतं ते रेटिनिल एस्टर. तिथून रक्तात निघतं ते रेटिनॉल, आणि ते एकटं फिरत नाही, आरबीपी नावाच्या प्रोटीनच्या कडेवर बसून फिरतं. डोळ्याला लागतं ते रेटिनल, रातांधळेपणा येतो तो त्याच्या कमतरतेने. आणि इम्युन सेल्सना जे कळतं ते शेवटचं, रेटिनॉइक ॲसिड. रेटिनॉलपासून रेटिनॉइक ॲसिड बनवायला शेवटच्या पायरीला रॅल्डएच एन्झाइम लागतं आणि ते सगळ्या सेल्सकडे नसतं. रक्तात रेटिनॉल असतं मायक्रोमोलरमध्ये, साधारण १ ते २, आणि रेटिनॉइक ॲसिड काही नॅनोमोलर, म्हणजे शेकडो पटीने कमी. तर शरीराने काय केलंय, कच्चा माल सगळीकडे पोचवलाय पण पक्का माल जिथे पाहिजे तिथेच, पाहिजे तेव्हाच आणि पाहिजे तेवढाच बनतो, आणि सिप-२६ नावाचं एन्झाइम तो लगेच मोडून पण टाकतं. तू वेलमध्ये १ मायक्रोमोलर ओतलंस ना, तेवढं स्प्लीनच्या बी सेलने जन्मात पाहिलेलं नसतं.

मग ते बनतं कुठे, तर मुख्यतः आतड्यात. आतड्यातल्या आणि तिथल्या लिम्फ नोड्समधल्या काही डेंड्रिटिक सेल्स (जंतू पकडून बाकी इम्युन सेल्सना दाखवणाऱ्या), ज्यांच्यावर सीडी-१०३ असतं, त्यांच्याकडे रॅल्डएच-२ भरपूर असतं. स्प्लीनमधल्या डेंड्रिटिक सेल्सकडे नेहमीच्या अवस्थेत फारसं नसतं, पण त्यांना टीएलआर-२ (जंतू ओळखणारा एक रिसेप्टर) वरून सिग्नल मिळाला, यीस्टच्या पेशीभित्तिकेतलं झायमोसान दिलं तर, त्या पण ते बनवायला लागतात. जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ ही सायटोकाइन्स पण हे एन्झाइम वाढवतात. हे लक्षात ठेव, कारण बहुतेक लोक गोष्ट एकाच बाजूने सांगतात, व्हिटॅमिन इम्युनिटीवर काय करतं एवढंच. इम्युन सिग्नलच ठरवतात की व्हिटॅमिनचं ॲसिड होणार की नाही, ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही.

सेलमध्ये शिरल्यावर ते न्यूक्लियसमध्ये जातं, तिथे आरएआर रिसेप्टरला चिकटतं, आरएआर हा आरएक्सआर नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी करून डीएनएवर आधीच बसलेला असतो, ॲसिड आलं की काही जीन्स उघडतात, काही मिटतात. स्टेरॉइड हॉर्मोनसारखंच काम, म्हणून मी पोरांना सांगते याला व्हिटॅमिन म्हणू नका, हॉर्मोन समजा, म्हणजे डोक्यातला निम्मा गोंधळ कमी होतो. आणि त्या जीन्समध्ये एक मोठा गट असा आहे जो सेलला म्हणतो, बास झालं विभाजन, आता मोठी हो. एपीएल नावाच्या ब्लड कॅन्सरमध्ये हेच औषध देतात, ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड, तिथे ते कॅन्सरच्या कच्च्या सेल्सना पिकवतं. बी सेललाही तेच सांगतं, वाढत बसू नकोस, प्लाझ्मा सेल, म्हणजे अँटिबॉडीचा कारखाना, हो.

आता तुझी प्लेट आठव. एलपीएस दिल्यावर बी सेल्स धडाधड वाढतात. रेटिनॉइक ॲसिडने ती वाढ मंदावते, त्याच वेळी ब्लिम्प-१ (प्लाझ्मा सेल व्हायला लावणारं प्रोटीन) वाढतं आणि सीडी-१३८ (प्लाझ्मा सेलची खूण) असलेल्या सेल्सचं प्रमाण वाढतं. म्हणजे दर सेलमागे अँटिबॉडी जास्त पण सेल्सच कमी, आणि तू मोजलंस काय तर पूर्ण वेलच्या मीडियममधली अँटिबॉडी. शंभर लोक दिवसाला दोन चपात्या लाटतात आणि तीस लोक पाच लाटतात, डब्यात चपात्या दुसरीकडे कमीच भरणार, पण म्हणून ते तीस लोक आळशी ठरत नाहीत ना. तू पाचव्या दिवशी जिवंत सेल्स मोजल्या होत्यास का? तुझ्या वर्णनात कुठेच नाहीये म्हणून विचारतेय. नसतील मोजल्या तर आयजीएम कमी झालं या वाक्याला काही अर्थच नाही, कमी झालं की सेल्स कमी झाल्या हे तुला सांगताच येणार नाही. एलिस्पॉट करता आलं तर फारच छान, अँटिबॉडी टाकणाऱ्या सेल्स थेट मोजता येतात.

दुसरं, आयजीजी कमी म्हणजे कुठलं आयजीजी? हा प्रश्न मी व्हायवात विचारते आणि दहातले आठ जण गप्प बसतात. उंदरात नुसत्या एलपीएसने मुख्यतः आयजीजी-३ आणि थोडं आयजीजी-२बी तयार होतं. सोबत आयएल-४ दिलं की आयजीजी-१ आणि आयजीई. इंटरफेरॉन-गॅमा दिलं की आयजीजी-२ए. टीजीएफ-बीटा दिलं की आयजीजी-२बी आणि आयजीए, आणि आयजीजी-३ दाबलं जातं. म्हणजे तुझ्या टीजीएफ-बीटा असलेल्या वेल्समध्ये एकूण आयजीजी हलणारच होतं, त्याचं खापर रेटिनॉइक ॲसिडवर फोडू नकोस. आणि अजून एक, उंदीर जर ब्लॅक-६ जातीचे असतील, बहुतेक ठिकाणी तेच असतात, तर त्यांच्याकडे आयजीजी-२ए चा जीनच नाहीये, आयजीजी-२सी आहे. लोक २ए चं किट मागवतात, शून्य येतं, मग महिनाभर प्रोटोकॉलमधली चूक शोधत बसतात.

हे सगळं का होतं ते थोडं खोलात सांगते, कारण खरी मजा इथेच आहे. बी सेल आधी आयजीएम बनवते. अँटिबॉडीचं टोक, म्हणजे जिथे जंतू पकडायचा तो भाग, आणि दांडा, म्हणजे पुढे काय करायचं ते ठरवणारा भाग, असे दोन भाग समज. क्लास स्विच होताना टोक तेच राहतं, दांडा बदलतो. आणि तो बदल कायमचा असतो, एआयडी नावाचं एन्झाइम डीएनए कापायची सुरुवात करतं, मधला तुकडा निघून जातो, आणि एकदा आयजीए झालेली सेल परत आयजीएमकडे येऊ शकत नाही. हे एआयडी जपानच्या होंजोंच्या गटाने शोधलं, स्विचसाठी ते लागतंच हे २००० साली दाखवलं, तेच होंजो ज्यांना पुढे पीडी-१ (इम्युन सेल्सना लगाम घालणारं प्रोटीन) साठी नोबेल मिळालं.

पण एआयडीला कुठे कापायचं ते कळत नाही, त्याला ज्या जागेवर आधीपासून ट्रान्सक्रिप्शन चालू आहे, जिथे डीएनए उघडा आहे, तिथेच काम करता येतं. ती जागा उघडतात सायटोकाइन्स. टीजीएफ-बीटा आयजीएची जागा उघडतं, आयएल-४ आयजीजी-१ आणि आयजीईची. म्हणजे सायटोकाइन हे पाकिटावरचा पत्ता लिहितं. रेटिनॉइक ॲसिड काय करतं, तर एकटं फार काही लिहीत नाही, पण जो पत्ता आयजीएचा आहे तो ठळक करतं, आणि आयजीईचा असेल तर पुसट करतं. माणसाच्या बी सेल्सना सीडी-४० चा सिग्नल (एरवी टी सेलकडून मिळतो तो) आणि आयएल-४ देऊन आयजीई बनवायला लावलं आणि रेटिनॉइक ॲसिड घातलं तर आयजीई कमी होतं, हे नव्वदच्या दशकातच दाखवलं गेलंय. तेव्हा व्हिटॅमिन ए अँटिबॉडी वाढवतं का, या प्रश्नाला मी उलट विचारते, कुठली अँटिबॉडी, कुठल्या सिग्नलसोबत, आणि शरीरात कुठे?

आतड्यातली गोष्ट सगळ्यात सुंदर आहे. २००४ मध्ये जपानच्या इवाता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रेटिनॉइक ॲसिड मिळालेल्या टी सेल्सवर (बी सेल्सना मदत करणाऱ्या इम्युन सेल्स) अल्फा-४-बीटा-७ आणि सीसीआर-९ उगवतात, आणि हे दोन म्हणजे आतड्यात जायचं तिकीटच. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, मोरा आणि सहकाऱ्यांनी बी सेल्सचं तसंच दाखवलं, आणि वर असं की आतड्यातल्या डेंड्रिटिक सेल्स बी सेल्सना आयजीए बनवायला लावतात त्याला रेटिनॉइक ॲसिड तर लागतंच, पण ते एकटं पुरत नाही, सोबत आयएल-५ किंवा आयएल-६ पाहिजे. ज्या उंदरांना व्हिटॅमिन ए शिवाय वाढवलं त्यांच्या छोट्या आतड्यात आयजीए बनवणाऱ्या सेल्स जवळजवळ नव्हत्याच. आता तुझं आयजीए फक्त टीजीएफ-बीटा आणि आयएल-५ च्या वेल्समध्येच का वर गेलं ते सांग बरं. तुझ्या त्या वेल्स म्हणजे छोटंसं आतडंच झालं, बाकीची प्लेट स्प्लीन राहिली. यात परत कर म्हणण्यासारखं काय आहे मला कळेना, मी तर म्हणेन हाच तुझा प्रोजेक्ट आहे. अर्थात गाइडशी भांडू नकोस, सेल काउंटसकट परत करून दाखव म्हणजे तेच म्हणतील.

अँटिबॉडी बनवली म्हणून काम संपत नाही हेही जाता जाता. आयजीए आतड्याच्या आतल्या बाजूला जावं लागतं, त्यासाठी दोन आयजीए ‘जे चेन’ नावाच्या छोट्या प्रोटीनने जोडले जातात आणि आतड्याच्या अस्तरातला एक रिसेप्टर, पिगार म्हणतात आम्ही बोलताना, तो त्यांना पाठुंगळी घेऊन पलीकडे सोडतो. हा वाहक बनवण्यातही रेटिनॉइक ॲसिडचा हात आहे, सायटोकाइन्सच्या सोबतीनेच, इथेही एकटं नाही. माणसाचं शरीर दिवसाला काही ग्रॅम आयजीए बनवतं, बाकी सगळ्या अँटिबॉडीज मिळून होत नाहीत एवढं, आणि आपण शिकवताना सगळा वेळ आयजीजीवर घालवतो.

आता जे काम मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते सांगते. अमेरिकेतल्या संशोधक कॅथरीन रॉस, त्यांचं आयुष्य या एका विषयात गेलं. त्यांच्या गटाने १९९० च्या आसपास उंदीर, म्हणजे मोठे रॅट्स, व्हिटॅमिन ए कमी करून वाढवले आणि त्यांना वेगवेगळे अँटिजेन, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनते ते पदार्थ, टोचले. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची पॉलिसॅकराइड (साखरेची साखळी) दिली, अँटिबॉडी अगदी कमी. टिटॅनस टॉक्सॉइड (टिटॅनसच्या लसीत असतं ते) दिलं, तेही कमी. पण बॅक्टेरियाचं एलपीएसच अँटिजेन म्हणून दिलं तर अँटिबॉडी जवळपास नॉर्मल! त्याच रॅट्समध्ये. म्हणजे बी सेलचा कारखाना मोडलेला नव्हता, मशीन चालू होती. मग त्यांनी पुढची पायरी केली, टिटॅनससोबत थोडं एलपीएस दिलं, किंवा एलपीएसमुळे शरीरात जे सुटतं ते टीएनएफ-अल्फा दिलं, आणि कमतरता असलेल्या रॅट्समध्ये टिटॅनसच्या अँटिबॉडीज वाढल्या. व्हिटॅमिन न देता!

हे वाचलं तेव्हा मी जागेवरून उठून चक्कर मारून आले होते. कारण याचा अर्थ असा की कमतरतेत जे तुटतं ते बहुतेक सुरुवातीचा धोक्याचा निरोप, आणि तो निरोप दुसऱ्या वाटेने पोचवला तर पुढचं काम होतं. नंतर त्यांनीच उलट बाजूने बघितलं, रेटिनॉइक ॲसिड आणि पॉली आय-सी एकत्र दिलं, पॉली आय-सी म्हणजे व्हायरसच्या आरएनएची नक्कल, टीएलआर-३ ला चेतवते, तर टिटॅनसच्या अँटिबॉडीज दोघांपैकी एकेकट्याने वाढतात त्यापेक्षा कितीतरी वाढल्या. आणि आता तुझ्याकडे बघ, तू बी सेल्सना एलपीएस आधीच दिलंयस. म्हणजे ज्या सिग्नलने रॅट्समध्ये व्हिटॅमिनची उणीव झाकली गेली तोच तू तळाला ओतून ठेवलास आणि वरून विचारतेस व्हिटॅमिनने काय फरक पडला. फरक दिसायला जागा कमीच उरली होती. तुलना सोपी नाहीये, मान्य, तुझ्या वेलमध्ये फक्त बी सेल्स आहेत आणि त्यांच्याकडे पूर्ण जनावर होतं, पण डिझाइन करताना हे डोक्यात असू दे. सीडी-४० चा सिग्नल आणि आयएल-४ असा टी सेलच्या मदतीसारखा सेट पण लावून बघ. आणि उद्या माणसाच्या सेल्सवर करणार असशील तर एलपीएस विसर, आपल्या नेहमीच्या बी सेल्सवर टीएलआर-४ जवळपास नसतं, तिथे सीपीजी वापरतात, ते टीएलआर-९ वर जातं. ऑस्लोच्या एका गटाने सीव्हीआयडीच्या, म्हणजे ज्यांच्यात अँटिबॉडी नीट बनत नाहीत अशा पेशंट्सच्या, बी सेल्सना सीपीजीसोबत रेटिनॉइक ॲसिड देऊन बंद पडलेला प्रतिसाद थोडा सुधारलेला दाखवलाय, इंटरेस्ट असेल तर तिथून वाचायला सुरू कर.

हे वाचून लगेच रेटिनॉइक ॲसिडला देवमाणूस करू नकोस. टी सेल्समध्ये टीजीएफ-बीटासोबत ते शांत करणाऱ्या टी-रेग सेल्स वाढवतं आणि आग भडकवणाऱ्या टीएच-१७ सेल्स दाबतं, २००७ चं काम. पण २०११ मध्ये दिसलं की आतड्यात आयएल-१५ हे सायटोकाइन जास्त असताना तेच रेटिनॉइक ॲसिड उलट आग लावतं, गव्हातल्या ग्लायडिन प्रोटीनविरुद्ध, सीलिॲक या गहू न सोसणाऱ्या आजारासारखं. माणूस तोच पण संगत बदलली. आणि कमतरता असली की शरीर हातपाय गाळून बसतं असंही नाही, आयएलसी नावाच्या इम्युन सेल्सपैकी आयएलसी-३ कमी होतात पण आयएलसी-२ वाढतात, म्हणजे बॅक्टेरियाशी लढायची ताकद घटते पण जंतांशी लढायची टिकते. उपाशी पोटी जंत जास्त महागात पडतात म्हणून असेल कदाचित, हा माझा अंदाज हं.

प्रयोगातल्या बारीकसारीक गोष्टी सांगते ज्या कुठल्या पेपरात नीट लिहिलेल्या नसतात. रेटिनॉइक ॲसिड उजेडात बिघडतं. आमच्याकडे एका पोराने स्टॉकची बाटली टेबलावर खिडकीशी ठेवली होती, साधी काचेची, आणि तीन आठवडे आम्ही सगळे सायटोकाइनच्या कंपनीला शिव्या घालत होतो. फॉइल गुंडाळ, हूडमधला पांढरा लाइट बंद कर, छोटे छोटे भाग करून उणे ८० ला ठेव, वितळवलेलं परत गोठवू नकोस. डीएमएसओ किंवा इथेनॉलमध्ये विरघळवतेस, तर तेवढंच डीएमएसओ कंट्रोलमध्ये पण घातलंस का? मग सीरम, जे आपण सेल्सच्या मीडियममध्ये घालतो ते. गाईच्या वासराच्या सीरममध्ये स्वतःचं रेटिनॉल असतं, त्यामुळे तुझं बिना व्हिटॅमिनचं कंट्रोल खरं तर बिना व्हिटॅमिनचं नाहीच, चारकोलने स्वच्छ केलेलं सीरम घे, किंवा आरएआर अडवणारं औषध घालून एक वेल ठेव, त्याने आयजीए खाली आलं तर परीक्षकासमोर तुला कोणी हलवू शकत नाही. डोस एकच नको, १, १०, १०० नॅनोमोलर आणि मग १ मायक्रोमोलर. माझा अनुभव असा की दहाच्या आसपास जे दिसतं ते शरीराच्या जवळचं असतं आणि मायक्रोमोलरला जे दिसतं त्यात सेल्सचा त्रास मिसळलेला असतो. बस्स, एवढं केलंस तरी तुझी अर्धी भांडणं मिटतील.

माणसांकडे येऊ, म्हणजे तुझ्या आईच्या प्रश्नाकडे पण पोचता येईल. इंडोनेशियात पश्चिम जावामध्ये सेम्बा आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना व्हिटॅमिन ए चा मोठा डोस दिला, २ आठवड्यांनी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, टिटॅनसची लस) टोचलं, आणि ज्यांना डोस मिळाला होता त्यांच्यात टिटॅनसविरुद्ध आयजीजी जास्त आलं. १९९२ चं काम. ही मुलं अशा भागातली होती जिथे कमतरता खरोखर होती, बऱ्याच मुलांच्या डोळ्यांवर परिणाम दिसत होता. झाम्बियात मोठ्या माणसांना तोंडाने घ्यायच्या टायफॉइडच्या लसीसोबत रेटिनॉइक ॲसिड दिलं तर आतड्यातलं टायफॉइडविरुद्धचं आयजीए वाढलेलं मिळालं, वर सांगितलेल्या उंदरांच्या गोष्टीशी जुळतंच. पण त्याच सेम्बांनी १९९५ मध्ये छापलं की ६ महिन्यांच्या बाळांना गोवरच्या लसीबरोबर व्हिटॅमिन ए दिलं तर ज्यांच्यात आईच्या अँटिबॉडीज शिल्लक होत्या त्यांच्यात लस लागू होण्याचं प्रमाण उलट कमी झालं. गोवरची लस जिवंत असते, तिचा व्हायरस थोडा वाढला तरच शरीराला धडा मिळतो, आणि इम्युनिटी तत्पर असेल तर तो वाढायच्या आतच मारला जात असावा, असं स्पष्टीकरण दिलं जातं, मला ते पटतं. ९ महिन्यांना आईच्या अँटिबॉडीज बऱ्याच ओसरलेल्या असतात, तेव्हा ही अडचण तशी उरत नाही.

अँटिबॉडी हा सगळ्याचा शेवट नाही हे पण खरं. इंडोनेशियातल्याच आचेमध्ये सॉमर यांच्या १९८६ च्या ट्रायलमध्ये व्हिटॅमिन ए दिलेल्या गावांत १ ते ५ वर्षांच्या मुलांचे मृत्यू ३४ टक्के कमी झाले. केपटाउनमध्ये १९९० ला गोवर झालेल्या १८९ मुलांमध्ये १२ दगावली, त्यातली १० प्लासिबोवाली, म्हणजे व्हिटॅमिन ऐवजी नुसतं दिखाऊ औषध मिळालेली. ते सगळं अँटिबॉडीमुळे नव्हतं, फुप्फुसाचं आणि आतड्याचं अस्तर शाबूत राहणं हाच मोठा भाग असावा. आणि आपल्याकडे उत्तर प्रदेशात १० लाख मुलांवर झालेल्या ‘देवता’ (DEVTA) नावाच्या ट्रायलमध्ये फरक फक्त ४ टक्के, तोही संख्याशास्त्रात न टिकणारा, २०१३ ला छापून आलं. त्यावर लोक अजून भांडतात. माझं मत, कमतरता किती खोल आणि सोबत इन्फेक्शन कोणतं यावर उत्तर बदलतं, बी सेलच्या प्लेटमध्ये बदलतं तसंच गावातही बदलतं.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाही, डॉक्टरांची फसगत आहे. मूल तापाने फणफणलेलं असताना रक्तातलं रेटिनॉल तपासलं तर कमीच येतं, कारण इन्फेक्शनच्या सिग्नलने लिव्हर आरबीपी बनवणं कमी करतं. साठा लिव्हरमध्ये पडून असेलही, पण गाडीच निघत नाही. शिवाय गंभीर इन्फेक्शनमध्ये लघवीतून पण रेटिनॉल जातं, म्हणजे काही प्रमाणात ते खरंच कमी होतं. म्हणून एका आकड्यावर कमतरता म्हणू नये, सीआरपी (अंगात इन्फेक्शन किंवा सूज आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) सोबत बघावं. २० मायक्रोग्रॅम पर डेसिलीटर ही रेषा आहे ती बऱ्या मुलासाठी.

तर आईला सांग, आधीपासून काही सुरू करायचं नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात ९ महिन्यांना गोवर-रुबेलाच्या लसीबरोबरच १ लाख युनिटचा डोस असतो, १ मिलि, सोबत येणाऱ्या चमच्याच्या अर्ध्या खुणेपर्यंत. पुढे दीड वर्षाला २ लाख आणि मग दर ६ महिन्यांनी ५ वर्षांपर्यंत, एकूण ९ डोस. मुलाच्या लिव्हरमध्ये हे महिनोन् महिने साठून राहतं, ते काही सी व्हिटॅमिन नाही की जास्त झालं तर लघवीतून निघून जाईल. त्याच्यावर घरचे थेंब, मग मल्टिव्हिटॅमिन सिरप, मग कोणीतरी दिलेल्या माशाच्या लिव्हरच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या असं चढवत गेलात तर डोकेदुखी, उलट्या, बाळाची टाळू फुगणं, लिव्हर बिघडणं हे सगळं होऊ शकतं. २०२५ मध्ये टेक्सासात गोवरची साथ आली तेव्हा लोकांनी घरीच व्हिटॅमिन ए पाजलं आणि काही मुलं लिव्हरच्या बिघडलेल्या रिपोर्टसकट दाखल झाली. प्रत्यक्ष गोवर झाला तर मोठा डोस देतात, दोन दिवस लागोपाठ, पण तो डॉक्टरने, वय बघून.

खाण्यातून मात्र मोकळ्या हाताने द्या. बाळाला वरणात तूप, मऊ शिजवलेला लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, अंड्याचा बलक, शेवग्याचा किंवा माठाचा पाला बारीक करून. भाजीतल्या कॅरोटीनचं व्हिटॅमिन शरीर स्वतः गरजेपुरतंच करतं, १ मायक्रोग्रॅम व्हिटॅमिनला साधारण १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन लागतं, त्यामुळे भाजीने विषबाधा होत नाही, फार तर तळहात पिवळे दिसतील. तेल-तूप हवंच, बिनफोडणीची उकडलेली पालेभाजी या बाबतीत निम्मी वाया. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने रेटिनॉलच्या गोळ्या किंवा पिंपल्ससाठी येणारं आयसोट्रेटिनॉइन यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, बाळात व्यंग येतं, हे पक्कं माहीत असलेलं आहे.

भाच्याला आधी कुठे डोस दिलाय का हे आठवणीवर सांगू नका, आमच्या शेजारी एकाच आठवड्यात आजीने अंगणवाडीत आणि आईने दवाखान्यात असा दोनदा पाजला होता. लसीला जाताना माता बाल संरक्षण कार्ड न्या आणि डोस दिल्यावर तारीख तिथल्या तिथे लिहून घ्या. आणि तू मला पाचव्या दिवसाचे सेल काउंट आणि कुठल्या आयजीजीचं किट वापरलंस ते टाक, मग पुढचं बोलू.